माझ्या ट्रेमध्ये बटाटे कुणी घातले

ती. पोलिक्सेनीताईस,

धाकट्या थ्रासोचा वाकून नमस्कार. (वाकलो की कंबर धरते, म्हणून नमस्कार मनातून केला आहे, तो पावला असे समज.) दाजींच्या नव्या गुडघ्याची चाल कशी आहे? जुना गुडघा डॉक्टरांनी परत दिला की ठेवून घेतला, हे मला केव्हापासून विचारायचं आहे. तुमच्या मेलबर्नला आता उन्हाळा लागत असेल. इकडे ऑलिव्ह काळे पडू लागले आहेत, गावातल्या सगळ्यांच्या शिड्या बाहेर निघाल्या आहेत आणि पहिला कोण पडतो यावर कॉफीच्या दुकानात चर्चा चालू आहे. माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य मी मुद्दाम ठळक लिहितो, कारण पुढचं पत्र वाचून तुला तसं वाटणार नाही.

तुझी नात क्लिओ हिने धाडलेली स्वयंपाकाची कृती मिळाली. पोरीला माझे आशीर्वाद सांग आणि तिच्या हाती पुन्हा माझा पत्ता लागू देऊ नकोस. कृतीचं नाव काय तर 'ग्रीक पद्धतीचा सोपा चिकन-भाज्यांचा बाऊल, एकाच ट्रेमध्ये'. ताई, मी जन्माने ग्रीक, माझा बाप ग्रीक, त्याचा बाप तर इतका ग्रीक होता की शेजारच्या गावच्या लोकांनाही तो परदेशी म्हणायचा. पण हा पदार्थ मी बापजन्मात पाहिला नव्हता. कागद घेऊन मी खाटकाकडे गेलो आणि बिनहाडाचे, बिनकातडीचे, सुपारीएवढे तुकडे करून मागितले. त्याने सुरी खाली ठेवली आणि घरात कोण आजारी आहे असं विचारलं. ब्रोकोली मिळाली नाही. रताळी मिळाली नाहीत. (भाजीवाल्याने रताळ्याचं नाव ऐकून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे अननस मागितला होता.) शेवटी आमच्याच परसातल्या झुकिनी, गाजरं, लाल कांदे आणि ढोबळी मिरच्या घेतल्या. त्या तर आपण रोजच खातो, मग ऑस्ट्रेलियातून कृती मागवायची गरज काय होती, हे तू म्हणशील. तेच सांगतो.

तुला माहीतच आहे, माझी बायको अर्गिरो गेल्यापासून पोरगी एव्हान्थिया दर आठवड्याला फोन करून मी काय खाल्लं ते विचारते. मी आपली रोज वेगवेगळी उत्तरं देत होतो. काल मसूर, आज मासे, उद्या पालक भरलेली पोळी. सगळं सुरळीत चाललं होतं. पण मागच्या महिन्यात ती न सांगता आली आणि सरळ फ्रिज उघडला. आत अर्धं लिंबू, एक दिवा आणि डब्यात माशांचं आमिष. आमिष ताजं होतं हे मी तिच्या लक्षात आणून दिलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. तिने तिथेच फर्मान काढलं की मी आता तिच्याकडे लारिसाला राहायला यायचं. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, बाल्कनी आहे आणि बाल्कनीतून समोरची बाल्कनी दिसते.

ताई, मला जायचं नाही. हे मी तुला लिहितो, तिला सांगू शकत नाही, कारण ती प्रेमापोटी बोलते आणि प्रेमापोटी बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आयुष्यभर मी जहाजांच्या इंजिनखोलीत राहिलो. जमिनीवर आलो तेव्हा केस पिकले होते. या घरात मी अर्गिरोबरोबर सलग राहिलो तो काळ फार थोडा आहे. रोज संध्याकाळी तिच्या थडग्यावरच्या दिव्यात तेल घालतो आणि दिवसभराच्या बातम्या सांगतो. लारिसाहून ते कसं करू? आणि माझी झाडं कोण बघणार? पुष्कळ वाद घातला. शेवटी पोरगी म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी मी येते. तुम्ही स्वतःच्या हातांनी रांधून मला एक वेळ नीट जेवायला घाला. जमलं तर लारिसाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर बॅग भरायची." म्हणून तुला फोन, म्हणून क्लिओ, म्हणून बाऊल. सोपं म्हणून लिहिलं होतं ना! ज्याने तीन बोटींची इंजिनं भर समुद्रात उघडून पुन्हा बसवली, त्याला एका कोंबडीचं काय कठीण, असं मला वाटलं.

कृतीत पहिली ओळ होती की ओव्हन तापवून घ्यावा. मी घेतला. आता हे मला कोण सांगणार होतं की आपल्याकडे ओव्हन हे मुळात कपाट असतं? अर्गिरो आत कढया ठेवायची, त्या तापल्या असत्या तरी चाललं असतं. पण मी गेल्याच आठवड्यात घर आवरताना (पोरीला दाखवायला) सगळे प्लॅस्टिकचे वाडगे तिथे कोंबले होते. दारामागे काय आहे हे न बघता बटण फिरवलं. थोड्या वेळाने एक वास आला. तसा वास मला एकदाच, इराणच्या आखातात, आला होता आणि तेव्हा आम्ही बोट सोडायच्या तयारीत होतो. दार उघडलं तर सगळे वाडगे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून खाली गळत होते. म्हणजे बाऊल शिजवण्याआधीच बाऊल संपले आणि ओव्हनही गेला. हे शनिवारी संध्याकाळी. एकाच ट्रेमध्ये होतं म्हणून भांडी पडत नाहीत, असं क्लिओने खाली हसरा चेहरा काढून लिहिलं होतं. माझ्या मोरीत त्या वेळी घरातलं प्रत्येक भांडं होतं, अगदी कॉफीचं भांडंसुद्धा. ते तिथे कसं आलं हे मलाही सांगता येणार नाही.

मग आठवलं की रविवारी सगळं गाव पांदेलिसच्या भट्टीत ट्रे देतं. पाव काढून झाले की भट्टीच्या उरलेल्या आचेवर तो सगळ्यांचे ट्रे आत सरकवतो, बायका चर्चला जातात आणि येताना आपापलं जेवण घेऊन घरी जातात. आई करायची, अर्गिरो करायची. मी मात्र कधी ट्रे घेऊन गेलो नव्हतो, कारण रविवारी मी बहुधा सुएझमध्ये असायचो. सकाळी पहिला मीच पोहोचलो. कोंबडीचे तुकडे, भाज्या, सगळं एका थरात, एकमेकांना न चिकटता (हे क्लिओने दोनदा लिहिलं होतं), बारीक दोरीने मापून मांडलं होतं. सांगायला हरकत नाही, मला त्याचा अभिमान वाटत होता. पांदेलिसने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे शिजवायचं आहे की मोजायचं आहे. मी म्हटलं, दोनशे वीस अंश, वीस मिनिटं. तो म्हणाला, पाद्रीबाबा सोडतील तेव्हा होईल. पाव अजून आत होते, म्हणून त्याने माझा ट्रे दाराजवळच्या लांब फळीवर ठेवला आणि मी कॉफी प्यायला गेलो. हीच ती चूक. जगात कुठेही चालली असती, आमच्या गावात नाही.

दुपारी सगळे चर्चमधून सुटायच्या आत जाऊन मी ट्रे आणला, कारण एव्हान्थियाची गाडी अंगणात उभी राहिलेली दिसली. वाडग्यांची सोय मी आधीच केली होती. गावात एकसारखे वाडगे फक्त चर्चमध्ये आहेत, तेच पाद्रीबाबांच्या बायकोकडून मागून आणले होते. (तुला आठवत असतील, पांढरे, बारीक निळ्या काठाचे, मृतांच्या स्मरणाला शिजवलेले गहू वाटतात ते.) पोरीने टेबलावर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. कोण गेलं, तिने विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, बाऊल आहे, ग्रीक पद्धतीचा. तिने हात धुतले आणि ती बसली. खाली भात, वर कोंबडी, बाजूला दही-काकडी, ट्रेमध्ये वर दिसलं तेवढं घाईघाईने उचलून सगळं कागदावर होतं तसं वाढलं. तिने पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला उचलला. तो संपवला आणि माझा उचलला. मग मीही चाखलं. ताई, मी समुद्रात पडलो आहे, दोनदा. पण समुद्रातही इतकं मीठ नव्हतं.

तेवढ्यावर भागलं असतं. खारट जेवणाला कुणी बापाला परगावी नेत नाही. पण पोरगी काट्याने ट्रेमध्ये उकरायला लागली आणि खालून एक बटाटा निघाला. मग दुसरा. मग लसणीचा अख्खा गड्डा, मग लिंबाच्या फोडी, आणि सगळ्याखाली ऑलिव्हच्या तेलाचा असा तलाव की त्यात माझ्या झुकिनी पोहत होत्या. कृतीचा कागद टेबलावरच होता. तिने तो वाचला. "यात बटाटे नाहीत, बाबा." मी म्हटलं, बटाटे मी घातलेच नाहीत. तिने विचारलं, लसूण? तीही नाही. लिंबू? नाही, आणि तेल कृतीत होतं तेवढंच, दोन चमचे. तिने काटा खाली ठेवला. मग अगदी हळू, लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात तिने विचारलं, "बाबा, आज वार कोणता आहे?"

आत्तापर्यंत मी फक्त वाईट स्वयंपाकी होतो. आता मी भ्रमिष्ट झालो होतो. रविवार आहे, मी ओरडलो, आणि ओरडल्यामुळे ते आणखीच वेड्यासारखं वाटलं. तिचे डोळे भरून आले. तिने फोन काढला आणि लारिसाच्या कुठल्याशा डॉक्टरचं नाव शोधू लागली. मी एका हाताने ट्रे उचलला, दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं आणि एप्रनसकट भट्टीकडे निघालो. पायात चपला वेगवेगळ्या होत्या, हे नंतर कळलं.

सुदैवाने चर्च नुकतंच सुटलं होतं आणि सगळ्या बायका पांदेलिसच्या दुकानात आपापले ट्रे घ्यायला जमल्या होत्या. मी ट्रे काउंटरवर आपटला आणि यात बटाटे कुणी घातले असं विचारलं. गारुफालिया पुढे आली. तुला ती आठवते, चिरक्या आवाजाची, आपल्या विहिरीपलीकडची. ती जराही शरमली नाही. म्हणाली, "मी घातले, भाऊजी. सकाळी बघते तर बिनबटाट्याचा ट्रे. मला वाटलं, बिचाऱ्याला बायको नाही, विसरला असेल. माझ्यातले चार काढले आणि तुमच्यात टाकले." तिचं बोलणं संपायच्या आत फोतिनी म्हणाली की बटाटे घातलेस पण तेलाशिवाय बटाटे शिजतात का, म्हणून तेल तिने ओतलं. अँथूला म्हणाली की तेल ओतलं पण लिंबू कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते आणि लसूण तिने घातलं. मधे कुणी पाणी घातलं होतं, कुणी ओरेगॅनो चोळला होता. एकीने तर माझे दोरीने मापून ठेवलेले तुकडे सगळे एका कोपऱ्यात गोळा केले होते, 'थंडी वाजेल' म्हणून. एकमेकींना काही न सांगता, प्रत्येकीने बाजूला कुणी नाही बघून हात घातला होता. पांदेलिसने सगळं पाहिलं होतं आणि तो काही बोलला नव्हता, कारण त्याच्या मते ट्रे आता कुठे जेवणासारखा दिसू लागला होता.

मग एव्हान्थियाने विचारलं की मीठ कुणी घातलं.

इथे मात्र गडबड झाली. गारुफालियाने फोतिनीकडे बोट केलं. फोतिनीने कानांवर हात ठेवले, तिला रक्तदाबाचा त्रास आहे, ती मिठाला शिवतही नाही. अँथूला म्हणाली की फोतिनीच्या घरची डाळ खाऊन तिच्या नवऱ्याला कोणता दाब झाला ते सगळ्या गावाला माहीत आहे. त्यावरून फोतिनीने अँथूलाच्या सासूचा विषय काढला. तो विषय गावात गेल्या ईस्टरपासून बंद होता. मी मधे उभा, एप्रन बांधलेला. माझ्या पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या नजरेत ती डॉक्टरवाली शंका पुन्हा डोकावली, कारण बटाट्यांचा धनी सापडला होता, मिठाचा सापडत नव्हता. तेवढ्यात पाव घ्यायला दारात उभी असलेली स्तमातिया (हो, तुझी स्तमातिया, शाळेत तुझ्या बाकावर बसायची ती, शिवणकाम करणारी) शांतपणे म्हणाली, "मीठ मी घातलं. चव न बघता घातलं. चूक माझी."

स्तमातिया चूक करते हेच कुणाला पटेना. पण ती म्हणाली म्हणजे तसंच असणार, तिच्या तोंडून कुणी खोटं ऐकलेलं नाही. एव्हान्थिया तिच्याकडे बघत राहिली, मग त्या खारट ट्रेकडे, मग त्या सगळ्या बायकांकडे. आणि हसायला लागली. ताई, अर्गिरो गेल्यापासून मी पोरीला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ती रडायला लागली आणि मला मिठी मारून म्हणाली, "बाबा, आमच्या मजल्यावर समोर कोण राहतं हे मला माहीत नाही. तिकडे लारिसाला तुमच्या जेवणात मीठ टाकायला कोण येणार?" मीही रडलो, ते मी नाकारत नाही. गारुफालियाही रडली, तिला कारण लागत नाही.

त्यानंतर काय व्हायचं तेच झालं. प्रत्येकीने आपल्या ट्रेमधून आमच्यासाठी एकेक ताट वाढलं, आणि कुणाचं ताट जास्त भरलं आहे यावरून नवं भांडण लागलं. पोरगी संध्याकाळपर्यंत थांबली, सगळ्यांचं थोडं थोडं खाल्लं, अर्गिरोच्या थडग्यावर मेणबत्ती लावली आणि गेली. लारिसाचं नाव काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाली की आठवड्याला फोन करीन, पण आता खरं सांगत जा. मी वचन दिलं. चर्चचे वाडगे अजून परत द्यायचे आहेत. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
थ्रासो

ता. क. क्लिओला ही कृती इथे फार आवडली असं सांग. पोरीचं मन मोडू नये. शेवटी सगळा ट्रे गारुफालियाच्या कोंबड्यांनी खाल्ला. त्या बिचाऱ्या त्या दिवशी पाणी फार प्यायल्या.

ता. क. आणखी एक. मिठाचं तुला खरं सांगायला हवं. फोतिनी आणि अँथूला भांडत होत्या तेव्हा मला माझा उजवा हात आठवला. शनिवारी रात्री मसाला लावताना मी मीठ घातलं होतं, मोठा चमचा. ट्रे घेऊन निघताना कागदावर पुन्हा नजर गेली, तिथे लिहिलं होतं 'मीठ चवीपुरतं', आणि आपण घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं, मोठा चमचा. मी तिथेच कबूल करणार होतो. पण तसं केलं असतं तर पोरगी मला त्याच गाडीत बसवून घेऊन गेली असती, म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच क्षणी स्तमातिया बोलली. एव्हान्थियाचा तुला फोन आला तर यातलं अवाक्षर काढू नकोस.

ता. क. आणि हे शेवटचं, यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो. स्तमातिया शुक्रवारपासून कालामाता शहरात बहिणीकडे होती. ती रविवारी दुपारच्या बसने उतरली, मी कॉफीच्या दुकानातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. माझा ट्रे तेव्हा केव्हाच भट्टीत गेला होता. दुकानातून बाहेर पडताना ती माझ्याजवळून गेली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "पुढच्या वेळी चव बघून घाल, थ्रासो." ताई, त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. अर्गिरोला मी संध्याकाळी सगळं सांगितलं, ती रागावली आहे असं वाटलं नाही. तू त्या बाईच्या शेजारी इतकी वर्षं बसलीस, तिच्या डब्यातलं खाल्लंस. तिला काय खायला आवडतं ते आठवून मला लवकर कळव. मी करीन म्हणतो. कृती सोपी नसली तरी चालेल.